टंचाईचे महिने आणि कुटुंबाचे पोषण

सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या डोंगराळ तालुक्यांत वर्षाचे बारा महिने सारखे नसतात. जव्हार, मोखाडा, सुरगाणा, पेठ, अकोले, अक्राणी, धारणी, चिखलदरा या भागांत भात, नाचणी, वरी, कोद्रा, कुटकी यांची काढणी आश्विन-कार्तिकात उरकते आणि त्या वेळी बहुतेक घरांतील कणगी भरलेली असते. माघ-फाल्गुनापर्यंत ती पुरते. पुढे धान्य ओसरू लागते, आणि ज्येष्ठात पहिला पाऊस पडेतो पुष्कळ घरांत कणगीचा तळ दिसू लागतो. नेमके याच वेळी शेतीतील सर्वांत कष्टाचे काम सुरू होते. चिखलणी, आवणी, निंदणी ही कामे दिवस दिवस पाण्यात वाकून करावयाची असतात. त्यातच गढूळ पाण्यामुळे हगवण आणि डासांमुळे हिवताप गावात शिरतो. आई सकाळीच आवणीस जाते. तान्हे मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर राहते आणि दुपारची पेज त्यास वेळेवर मिळतेच असे नाही. भूक, श्रम आणि रोग ही तिन्ही एकाच वेळी एकाच उंबरठ्याशी येतात, हे या महिन्यांचे वैशिष्ट्य होय.

अन्नटंचाई म्हटली की दुष्काळ डोळ्यांपुढे येतो. १९७२ सालचा दुष्काळ, खडी फोडण्याची कामे आणि तेथे वाटली गेलेली सुकडी यांची आठवण वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात आजही निघते. परंतु दुष्काळ सर्वांना दिसतो, त्याची नोंद होते, सरकारी यंत्रणा हलते. आषाढातील टंचाईची अशी नोंद होत नाही. ती दरवर्षी येते, दोन-अडीच महिने राहते आणि नवे पीक आले की विसरली जाते. तिचा परिणाम मात्र मागे उरतो. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे झालेल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. त्या वर्षी सबंध राज्यात धान्य नव्हते असे नाही. ज्या घरांत ते हवे होते त्या घरांत, हव्या त्या महिन्यांत ते पोचले नव्हते.

धान्य देशात असणे आणि धान्य घरात असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आणि घरात धान्य आले तरी घरातील प्रत्येकाचे पोषण झाले, असेही म्हणता येत नाही. २०१९-२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी सुमारे ३५ टक्के वयाच्या मानाने खुजी व सुमारे २५ टक्के उंचीच्या मानाने कृश आढळली. १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. द्राक्षे जहाजाने परदेशी पाठविणाऱ्या राज्याचे हे आकडे आहेत.

कणगीचा हिशेब

पिकाचा हिशेब शेतकरी नेहमीच करतो. खाण्याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. तो करणे अवघड नाही. दोन मोठी माणसे व तीन मुले असे पाच जणांचे कुटुंब घेऊ. कष्टाचे काम करणाऱ्या मोठ्या माणसास दिवसाकाठी सुमारे ४५० ग्रॅम आणि मुलास वयाप्रमाणे सरासरी २५० ग्रॅम धान्य लागते असे धरल्यास, घरास रोज १ किलो ६५० ग्रॅम, महिन्यास सुमारे ५० किलो व वर्षास ६ क्विंटल धान्य हवे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यान्वये प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबास ३५ किलो मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य दिले जात आहे. म्हणजे प्राधान्य शिधापत्रिका असलेल्या या पाच जणांच्या घरास रास्त भाव दुकानातून वर्षाकाठी ३ क्विंटल धान्य येते. उरलेले ३ क्विंटल घरच्या शेतातून किंवा मजुरीतून आले पाहिजे. डोंगरउतारावरील हलक्या जमिनीत नाचणीचे हेक्टरी १० क्विंटल उत्पन्न धरल्यास एक एकरात ४ क्विंटल येते. त्यांपैकी ३ क्विंटल खाण्यास, व १ क्विंटल बियाणे, पाहुणारावळा आणि नासधूस यांसाठी. हिशेब जेमतेम जुळतो. मात्र शिधापत्रिका नीट हवी, तिच्यावर घरातील सर्वांची नावे हवीत आणि काढणीच्या दिवसांत धान्य विकले जाता कामा नये.

शेवटची अट सर्वांत अवघड आहे. दिवाळीच्या सुमारास दुकानदाराची उधारी, मुलांचे कपडे, देवाधर्माचा खर्च हे सारे एकदम अंगावर येते. भाव उतरलेला असतो, तरी घरातील भात बाजारात जातो. तेच धान्य आषाढात चढ्या भावाने परत घ्यावे लागते. पैसे नसले तर सवाईने किंवा दिढीने उसने घेतले जाते. दिढीचा व्यवहार वरवर सोपा दिसतो. आषाढात एक क्विंटल घ्यावयाचे आणि कार्तिकात दीड क्विंटल फेडावयाचे. परंतु ज्या घरास यंदा एक क्विंटल कमी पडले, त्यास फेडीमुळे पुढील वर्षी दीड क्विंटल कमी पडते. ते पुन्हा दिढीने काढले तर त्याच्या पुढील वर्षी सव्वादोन क्विंटल. पीक दरवर्षी तेवढेच आले तरी दोन वर्षांत तूट दुपटीहून अधिक होते. जमीन नापीक झाली, घराची बरकत गेली, असे मग लोक म्हणतात. वस्तुतः जमिनीचा त्यात काहीच दोष नसतो.

यावर जुना उपाय गावाच्या धान्यकोषाचा आहे. काढणी होताच प्रत्येक घराने ठरावीक मापे धान्य एका जागी जमा करावयाचे, टंचाईच्या महिन्यांत सभासदांना ते द्यावयाचे आणि पुढील काढणीस अल्प वाढीसह परत घ्यावयाचे. अशा कोषांच्या योजना सरकारी मदतीने १९९६-९७ पासून देशाच्या आदिवासी भागांत राबविल्या गेल्या. काही ठिकाणी त्या चांगल्या चालल्या, तर काही ठिकाणी पहिले वाटप झाल्यावर परतफेडच झाली नाही आणि कोष बुडाला. जेथे कोष टिकतो तेथे बहुधा तीन गोष्टी दिसतात: सभासद एकाच पाड्यातील व परस्परांना ओळखणारे असतात, माप एकच असते, आणि किल्ली स्त्रियांच्या हाती असते. बाहेरून फुकट मिळालेले धान्य कोष सुरू करून देईल, पण परत फेडावे असे लोकांस वाटते ते घरून आणलेल्या धान्याबद्दलच. म्हणून आरंभ लहान असला तरी तो गावाच्या स्वतःच्या मापांनी व्हावा.

पोट भरणे आणि पोषण होणे

रास्त भाव दुकानातील तांदूळ आणि गहू यांनी भुकेची धार पुष्कळ कमी केली आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर त्यांनी ताटातील नाचणी, वरी व कोद्रा यांची जागा घेतली, हेही खरे आहे. यात शेतकऱ्यास दोष देण्याचे कारण नाही. नाचणीची रोपे लावणे, निंदणे, कणसे खुडणे, मळणे व दळणे यांत घरातील बाईचे किती दिवस जातात याचा हिशेब केला, तर तांदूळ तिला का बरा वाटतो ते कळते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा नाचणीचे गुणगान पुष्कळ झाले. गावात वरी सडण्याचे यंत्र आणणे त्या गुणगानाहून अधिक उपयोगाचे आहे.

नाचणीचा मोठा गुण म्हणजे तीतील चुना, म्हणजेच कॅल्शियम होय. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच सडलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. मुलांची हाडे व दात, गर्भवतीचा सांधा आणि अंगावर पाजणाऱ्या आईचे दूध यांस याची गरज असते. तथापि नाचणी हे काही सर्वरोगहारी औषध नव्हे. तीत प्रथिने ७ टक्क्यांच्या सुमारास, म्हणजे तांदळाइतकीच असतात. तीतील लोह शरीरास पुरतेपणी लाभत नाही. जेवणाबरोबर लिंबू, आवळा, पेरू, कच्ची कैरी असे आंबट काही असले तर ते अधिक लाभते. ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी लोह अधिक असलेल्या वाणांचा विचार करावा. बाजरीचा ‘धनशक्ती’ हा वाण महाराष्ट्रात २०१२ साली, तर ज्वारीचा ‘परभणी शक्ती’ हा वाण २०१८ साली प्रसारित झाला. ही दोन्ही संकरित वाणे नसल्याने त्यांचे बियाणे घरी राखता येते, ही लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

तान्ह्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सहा महिने पुरे होईपर्यंत मुलास आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही. त्यानंतर मात्र वरचे अन्न सुरू केलेच पाहिजे, आणि येथेच पुष्कळदा चूक होते. मुलाचे पोट लहान असते. पातळ पेजेने ते लवकर भरते. पण त्या पेजेत मुख्यत्वे पाणीच असते. पेज घट्ट केली तर मूल ती गिळत नाही. या अडचणीतून जुन्या बायांनी वाट काढलेली आहे, ती म्हणजे मोड आणलेल्या नाचणीचे पीठ. नाचणी स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवावी, पाणी काढून ओल्या फडक्यात एक-दोन दिवस बांधून ठेवावी, बारीक मोड दिसताच उन्हात खडखडीत वाळवावी, चोळून मोड काढावेत, मंद आचेवर किंचित भाजून दळावी. मोड येताना धान्यात जो रस तयार होतो त्याने पिठाचा चिकटा मोडतो, आणि पीठ अधिक घालूनही पेज पळीवरून सहज ओघळण्याइतकी सैल राहते. म्हणजे तेवढ्याच वाटीत मुलास अधिक अन्न मिळते. तीन भाग या पिठात एक भाग भाजलेल्या मुगाचे पीठ मिसळावे आणि पेज उतरविताना चमचाभर तेल किंवा शेंगदाण्याचे बारीक कूट घालावे. हे पीठ आवणीपूर्वी, म्हणजे वैशाखातील उन्हात करून कोरड्या डब्यात भरून ठेवल्यास, आई शेतात गेली असतानाही घरातील कोणासही ते शिजवून मुलास भरविता येते.

मुलास हगवण लागली की त्याचे खाणे तोडण्याची चाल अद्याप सर्वत्र आहे. ती घातक आहे. आजारात शरीराची झीज अधिक होते, आणि उपासाने तीत भर पडते. क्षार-संजीवनीचे पाणी वारंवार पाजावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे, मऊ अन्न थोडे थोडे देत राहावे आणि आशा कार्यकर्तीकडून जस्ताच्या गोळ्या घेऊन सांगितलेले दिवस पूर्ण कराव्यात. मूल बरे झाल्यावर पंधरा दिवस त्यास रोज एक वेळ जास्त जेवू घालावे. एका आषाढात दोनदा आजारी पडलेले व मधल्या काळात भरून न आलेले मूल पुढील काढणीपर्यंत मागेच राहते.

बांधावरची डाळ

धान्यातील प्रथिनांची उणीव डाळ भरून काढते. माणशी दररोज ३५ ग्रॅम डाळ धरली तर पाच जणांच्या घरास वर्षाकाठी सुमारे ६० किलो लागते. ती विकत घेणे गरीब घरास शक्य होत नाही. पिकविणे मात्र शक्य असते. भातखाचरांच्या बांधांवर पावसाच्या आरंभी तुरीचे दाणे टोकण्याची पद्धत कोकणात व पूर्व विदर्भात जुनी आहे. त्यासाठी निराळी जमीन लागत नाही. भात निघताच उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा किंवा कुळीथ घेता येतो. वरकस जमिनीत उडीद व चवळी येते. चवळीची कोवळी पाने व शेंगा तर भाद्रपदातच, नवे धान्य येण्यापूर्वी, हाती लागतात, म्हणून टंचाईच्या दृष्टीने तिचे मोल अधिक. पीक आले की सारी तूर बाजारात नेऊन पुढे डाळ पावशेर-पावशेर विकत आणण्याऐवजी ६० किलोंचा वाटा आधी घरात बाजूस काढावा आणि मग विक्रीचा विचार करावा.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस लाखेविषयी निराळे सांगितले पाहिजे. भाताच्या उभ्या पिकात लाख फेकून देण्याची रीत तेथे आहे. ती कमी ओलीवर, विनाखर्च येते. म्हणूनच ती टंचाईची सोबतीण झाली आहे. तिच्या दाण्यात मज्जातंतूंस बाधक असे द्रव्य असते. इतर डाळींबरोबर अधूनमधून खाल्ल्याने बहुधा अपाय होत नाही. परंतु दुसरे काही नाही म्हणून लाखच रोजच्या अन्नाचा मोठा भाग झाली आणि हे दोन-तीन महिने चालले, तर पायांतील बळ जाऊन माणूस कायमचा पांगळा होतो. विंध्य प्रदेशातील रीवा-सतना भागात मजुरीबद्दल लाखच मिळणाऱ्या सालदारांत हा रोग पूर्वी फार होता. १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधाच्या नियमांत तिच्या विक्रीस मनाई करणारे कलम आले. पण शेतकऱ्याने स्वतःच्या चुलीवर काय शिजवावे ते नियमाने ठरत नाही. लाख खावयाचीच असेल तर ती भरपूर पाण्यात भिजवून व उकळून ते पाणी फेकून द्यावे, नेहमी दुसऱ्या धान्याबरोबर व थोडीच खावी, आणि पेरणीसाठी विषारी द्रव्य कमी असलेले सुधारित वाण निवडावे.

धान्य राखणे

पिकविलेले धान्य उंदीर, सोंडे व बुरशी यांच्या तोंडी जाऊ न देणे हे उत्पन्न वाढविण्याइतकेच मोलाचे आहे. धान्य साठविताना त्यातील ओलावा १२ टक्क्यांहून अधिक नसावा. डाळींत तो ९ टक्क्यांच्या आत असावा. ओलावा मोजण्याचे यंत्र गावात नसते, परंतु दाणा दातांखाली धरला असता कट्‌दिशी फुटला तर तो साठविण्यास योग्य, चेपला गेला तर आणखी दोन उन्हे द्यावीत. ऊन दिलेले धान्य गरम असताना भरू नये; रात्रभर पसरून गार होऊ द्यावे. कणगी शेण-मातीने आतून-बाहेरून लिंपून पूर्ण वाळवावी, जमिनीपासून वीतभर उंच ठोकळ्यांवर ठेवावी आणि भिंतीपासून हातभर दूर असावी. पत्र्याची कोठी घेता आली तर ती उत्तम. गेल्या वर्षीचे उरलेले धान्य नव्यात कधीही मिसळू नये.

घरात राहत्या खोलीत धान्यास अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घालण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. त्या गोळ्यांतून निघणारा वायू जसा किड्यास तसाच झोपलेल्या माणसास मारतो. हे औषध राहत्या घरासाठी नाही. घरच्या साठ्यास वाळलेला कडुलिंबाचा पाला, राख आणि महिन्या-दोन महिन्यांनी दिलेले ऊन पुरेसे होते.

बुरशी आलेले धान्य धुऊन-वाळवून खाण्याची पाळी येऊ नये, म्हणून ओल्या दिवसांतील काढणीची विशेष काळजी घ्यावी. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल भागात अवेळी पावसाने भिजलेला मका साठविला गेला. त्यावरील बुरशीच्या विषाने यकृताचा रोग होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. गरिबांनीच तो मका खाल्ला, कारण त्यांच्याजवळ दुसरे नव्हते. भिजलेल्या कोद्र्याने भोवळ येते, हे आपल्याकडील म्हातारी माणसेही जाणतात. २०२४ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील बांधवगड येथे दहा हत्ती मेले, ते बुरशी आलेला कोद्रा खाऊनच, असे तपासणीत आढळले.

परसातले व रानातले

टंचाईच्या महिन्यांत धान्य नसले तरी पाऊस असतो, आणि पावसात भाजी उगवते. घरामागे दोन गुंठे जागा, न्हाणीचे सांडपाणी आणि भक्कम कुंपण एवढ्यावर परसबाग होते. कुंपण मात्र हवेच. शेळी एका दुपारी सारी योजना खाऊन टाकते. पहिले झाड शेवग्याचे लावावे. त्याची फांदी खोवली तरी जगते आणि पाला भाजीस व वाळवून पिठात घालण्यास होतो. कुंपणावर दोडका, कारले, वाल व भोपळा. आत माठ, अंबाडी, चवळई, अळू. सांडपाण्याच्या तोंडाशी केळ व पपई. हिरव्या पाल्यातून आणि पपई, भोपळा यांतून मुलांच्या डोळ्यांस लागणारे ‘अ’ जीवनसत्त्व मिळते. पाच-सहा गावठी कोंबड्या असल्या तर रोज एखादे अंडे घरच्या लहानग्यास देता येते. ते बाजारात न जाता त्याच्या पोटात जावे एवढे मात्र पाहावे लागते.

रानभाज्यांचे ज्ञान डोंगरी भागातील स्त्रियांकडे इतके आहे की तेथे बाहेरच्याने शिकविण्यापेक्षा शिकावे. टाकळा, कुर्डू, फोडशी, लोत, करटोली या भाज्या ज्या क्रमाने येतात तो क्रमच टंचाईच्या आठवड्यांचा आहे. कडू करांदे उकडून व रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून त्यांचा कडवटपणा काढण्याची विद्याही त्यांची. हल्ली बांधावर तणनाशक मारण्याची सवय पसरत आहे. त्याने टाकळा व कुर्डूही तणाबरोबरच जातात. निंदणीची मजुरी वाचते, पण शेजारणीची आषाढातील भाजी बुडते, हे फवारणी करताना कोणाच्या लक्षात येत नाही. निदान वहिवाटीच्या बांधांवर व पाणवठ्याकाठी तणनाशक मारू नये, असा ठराव ग्रामसभेत करता येईल.

कार्यकर्त्याने केव्हा जावे

आषाढात टंचाई दिसते, पण आषाढात उपाय करण्यास उशीर झालेला असतो. ग्रामकार्यकर्त्याने घरोघर फिरण्याचा महिना माघ होय. त्या वेळी कणगीत किती आहे हे पाहता येते आणि ते कधी संपेल हे विचारता येते. प्रश्न सरळ असावा: “गेल्या वर्षी घरचे धान्य कोणत्या सणापर्यंत पुरले?” होळी म्हणणारे घर, अक्षय्य तृतीया म्हणणारे घर आणि आखाडी म्हणणारे घर अशा तीन याद्या आपोआप तयार होतात. होळी म्हणणाऱ्या घरांकडे प्रथम वळावे. त्यांची शिधापत्रिका तपासावी. नवी सून व नवी मुले यांची नावे तीवर नसल्याचे पुष्कळदा आढळते. एका नावामागे वर्षाचे ६० किलो धान्य असते. दिवाळीनंतर वीटभट्टीस किंवा ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबास त्याच शिधापत्रिकेवर दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या राज्यात धान्य उचलता येते, हे त्यांस निघण्यापूर्वी सांगावे. परत आल्यावर सांगून उपयोग नाही. महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, तो उपासमारीच्या महिन्यांपूर्वी हाताला काम असावे म्हणूनच. बांधबंदिस्ती, शेततळे, फळझाडांचे खड्डे अशा कामांची मागणी फाल्गुनातच लेखी नोंदवावी. मजुरी हातात पडण्यास वेळ लागतो, आणि ती आवणीपूर्वी पडली तरच दिढीचे माप टळते.

अंगणवाडीत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांस तसेच गर्भवती व स्तनदा मातांस पूरक आहार मिळतो. आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गर्भवती व स्तनदा मातांसाठी एक वेळचे चौरस जेवण देण्याची तरतूद झाली. परंतु आवणीच्या दिवसांत दुपारी अंगणवाडीत येणे शेतावरील बाईस जमत नाही. जेवणाची वेळ सकाळी, शेतास जाण्यापूर्वी ठेवता येईल काय, हे सेविकेने व मातांनी वैशाखातच बसून ठरवावे.

सेविकेजवळ दंडघेर मोजण्याची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर साडेबारा सेंटिमीटरहून कमी भरला तर ते मूल क्षीण समजावे. साडेअकराहून कमी भरला तर त्यास तीव्र कुपोषण झाले असून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखविले पाहिजे. पायांवर सूज असलेल्या मुलाचा दंड जाड दिसला तरी त्याचीही हीच गणना करावी. कृषी कार्यकर्त्यास हे आपले काम नव्हे असे वाटण्याचा संभव आहे. तथापि शेतावर व पाड्यावर सर्वांत अधिक फिरणारा माणूस तोच असतो, आणि बांधावर झोळीत निजलेले मूल त्याच्याच दृष्टीस प्रथम पडते.

घरात शेवटी कोण जेवते हेही त्याने विचारावे. उत्तर बहुधा एकच येते, आणि ती बाई त्या वेळी गर्भवती असली तर पुढील माघात जन्मणाऱ्या मुलाचे वजन त्या पानावरच ठरत असते. कणगीच्या हिशेबात तिचा वाटा पुरुषाच्या वाट्याइतकाच, ४५० ग्रॅम धरला आहे. आवणीच्या दिवसांत तो त्याहून कमी होता कामा नये. तिचे ताट भात उरला तर नव्हे, पहिल्या पंगतीतच वाढले जावे, ही गोष्ट घरातील सासूशी बोलावी, सुनेशी नव्हे. हे बोलणे ग्रामसेविका किंवा आशा कार्यकर्ती यांच्यामार्फत झाले तर अधिक बरे.

नाचणीचे बियाणे मात्र या सर्वांतून वेगळे काढून, निराळ्या मडक्यात तोंड लिंपून ठेवावे आणि त्यावर खूण करावी. एक एकरास रोपलावणीने दोन किलो बियाणे पुरते. ज्या घरांत ते माघातच वेगळे काढलेले नसते, त्या घरांत ते ज्येष्ठात शिजते.